लोढणं

घरी वापरायचे व्हेंटिलेटर बनवणाऱ्या कंपनीत, मशीन सुरू करणाऱ्या कोडची जबाबदारी तिच्याकडे होती. बटण दाबलं की हा कोड आधी त्या-त्या मॉडेलच्या सुट्या भागांची माहिती असलेली फाईल वाचायचा, मगच मशीन चालू व्हायचं.

"जुन्या मॉडेलची फाईल काढ आणि कोड सुटसुटीत कर," साहेब कधीचे मागे लागले होते. "त्या मॉडेलचं एकच मशीन चालू आहे. एकासाठी किती दिवस हे लोढणं ओढायचं?"

दर वेळी ती काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची.

रजेवरून परत आली त्या दिवशी मात्र तिनं आपणहून ती फाईल काढली आणि सगळा कोड नीट आवरला.

"लागला एकदाचा मुहूर्त," साहेब म्हणाले. "त्या गिऱ्हाइकाला कळवलंस ना?"



"कळवायला कोणी उरलं नाही, सर. माझे बाबा होते ते."