अडले नाही, रमले

"परुळेकर, तुमचं हे पुस्तक मला अडाणी समजतंय!"

मंदाकिनी तोरस्कर तरातरा टेबलापाशी आल्या, तसे ग्रंथपाल परुळेकर दचकले. सावंतवाडीच्या वाचनालयातली जुनी इंग्रजी पुस्तकं आता वाचणाऱ्याची नजर ओळखत. नजर एखाद्या वाक्यावर थबकली, की पान ते वाक्य तिथल्या तिथे सोपं करून टाकी. बाईंनी पन्नाशीनंतर इंग्रजी शिकायला घेतलं, ते याच पानांचं बोट धरून.

"कुठे अडलात, बाई?"

"अडले नाही हो, रमले! त्या खलाशाची बायको मेलेल्या नवऱ्याचा कोट रोज झटकून पुन्हा खुंटीला लावते, जणू तो आत्ता येऊन मागेल, असं झकास वाक्य होतं. पुन्हा पुन्हा वाचत बसले, तर या शहाण्याने त्याचं केलं काय? 'ती दुःखी होती.' एवढंच!"

परुळेकरांना हसू फुटलं. पान अजून सोपं करा म्हणणारे रोज येत. सोपं झालं म्हणून भांडायला आलेलं हे पहिलंच माणूस. त्यांनी पुस्तकाच्या पाठीवरची कळ दाबली आणि मूळ वाक्य परत आलं.

"आता हे जसं लिहिलंय तसंच राहील. तुम्हाला आता सांभाळून घ्यायला नको, बाई."

बाई ताठ मानेने खुर्चीत जाऊन बसल्या. त्याच वाक्यापाशी पुन्हा थांबल्या, चांगल्या ऐसपैस थांबल्या. पुस्तकाची काय बिशाद होती एक शब्द बदलायची!