शेवटाकडून शिकलेली धून

ताईने दार लोटलं तेव्हा धाकटी जमिनीवर बसली होती. पाठ पलंगाला टेकलेली, एक गुडघा वर, गिटार छातीशी, डोळे मिटलेले. ती एकेक ओळ आधी नुसती गुणगुणायची आणि मग बोटं तारांवर ठेवायची. गुणगुणताना जिथे श्वास घेतला, तिथे गिटारही श्वास घ्यायची.

ताई दारातच थांबली. धून ओळखीची होती. आपल्या गिटारच्या क्लासच्या दर कार्यक्रमात, सगळे विद्यार्थी वाजवून झाले की शेवटी ती स्वतः हीच वाजवायची. वीस वर्षांत एक सूर चुकला नव्हता, टाळ्याही कधी चुकल्या नव्हत्या. पण तिसऱ्या ओळीत असं काही दडलेलं आहे, हे तिच्या कानांना आज पहिल्यांदा कळत होतं.

बाहेरच्या खोलीत ताईचा नवरा शर्टाला इस्त्री करत होता. आता इस्त्री उभी करून तोही ऐकत राहिला होता.

"कुठून शिकलीस हे?" ताईने विचारलं.

धाकटी दचकली, मग हसली. "हसू नकोस हं, ताई. मी शेवटाकडून शिकले."

"म्हणजे?"

"आधी फक्त शेवटची ओळ. ती घोटून घोटून बोटांत बसली की तिच्या आधीची. मग तिच्याही आधीची. पुस्तकातून सुरुवातीपासून जायचे ना, तेव्हा पुढे काय वाढून ठेवलंय या धास्तीनेच बोटं आखडायची. आता जसजशी पुढे जाते तसतसं ओळखीचं लागतं. घर जवळ आल्यासारखं." ती भडाभडा बोलत होती. "व्हिडिओ बघून झाले, तुझी पुस्तकं झाली, तो टकटक करणारा मेट्रोनोम झाला. एक अंगी लागलं नाही. हे मात्र माझं मला सापडलं बघ."

आपल्या नवऱ्याचं घर सोडून धाकटी ताईकडे आली, चष्म्याच्या दुकानात लागली, त्या सगळ्या दिवसांत तिच्या तोंडून ताईने फक्त गमावल्याच्याच गोष्टी ऐकल्या होत्या. सापडल्याची ही पहिलीच.

ताईच्या ओठांवर 'वा' आलं होतं. तिने ते गिळलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण तुझा अंगठा बघ."

धाकटीने बघितलं. अंगठा गिटारच्या दांडीवरून वर डोकावत होता.

"आणि मनगट बघ कसं मोडलंयस. असंच वाजवत राहिलीस तर हात कामातून जाईल. मग चष्म्याचा स्क्रूसुद्धा फिरवता यायचा नाही."

हे खरं नव्हतं. धाकटीचा हात झोपलेल्या माणसाच्या हातासारखा सैल होता. ताईला ते दारातूनच दिसलं होतं.

"पण मला दुखत नाही गं कधी."

"दुखायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. आणि सापडलं सापडलं म्हणतेस ना, ती पद्धत नव्हे, खोड आहे. पद्धत शिकावी लागते. खोड आपोआप लागते."

धाकटीचं हसू ओसरलं. "मला वाटलं होतं, बरं वाजतंय."

"आपलं आपल्याला बरंच वाटतं, वेडे. मी काय तुझ्या वाईटावर आहे?"

"छे गं. तुझ्याशिवाय मला आहे कोण?"

या वाक्यापाशी ताई क्षणभर अडखळली. तेवढ्यात बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, "थांबलीस का गं? वाजव की! काय सुरेख चाललं होतं!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, 'वाजव की' असं तो ताईला कधी म्हणाला नव्हता.

ताईने खुर्ची ओढली. पायाखाली छोटं स्टूल ठेवलं, समोर पुस्तक उघडलं, मेट्रोनोमची किल्ली पिळली. "ऊठ. इथे ताठ बस. अंगठा मागे. ओठ मीट, गुणगुणायचं नाही. आणि सुरुवातीपासून."

"सुरुवातीपासून," धाकटी म्हणाली.

ती पहिल्याच ओळीत अडली. पुन्हा अडली. ताईने तिच्या पाठीवरून मायेने हात फिरवला. "येईल हळूहळू. आधी जुनं जायला हवं."

ते गेलं. त्याला फार दिवस लागले नाहीत. धाकटी मुळातच सांगितलेलं ऐकणारी. मधे एका दुपारी ताईला ती पुन्हा जमिनीवर बसलेली दिसली. तिने डोळे मिटले, ओळ गुणगुणली, बोटं ठेवली आणि मग डोळे उघडून अंगठा कुठे आहे ते बघितलं. पुन्हा मिटले, पुन्हा बघितलं. शेवटी आपणहून उठून खुर्चीवर जाऊन बसली. ताईला आता काही म्हणायची गरजच उरली नव्हती.

पुढे एका संध्याकाळी ताई ओट्याशी भाजी चिरत होती. नवरा कामावरून आला. आतल्या खोलीत गिटार चालू होती. सूर स्वच्छ, एकेक सुटा, जागच्या जागी. त्याने बूट काढले, बॅग ठेवली, पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आला आणि ताईला बघून दारातच थबकला.

"अरेच्चा, तू इथे?" तो म्हणाला. "मला वाटलं, आत तूच वाजवतेयस."