चौकोनात चौकोन

"मधोमध बघ," कचरू गुरुजी म्हणाले. "कडा नंतर. आधी मधोमध."

त्यांच्या नातीने, अंजलीने, भिंग डोळ्याला लावलं आणि श्वास रोखला. काळ्या मखमलीवर हरभऱ्याच्या डाळीएवढा चौकोनी हिरा होता. चारी कोपरे जरा छाटलेले. वरून पाहिलं की चौकोनात चौकोन, त्यात आणखी एक, आणि सगळ्यात खाली अंधारासारखं काहीतरी. हिरा हलला की ते उजळायचं.

"आबा, आत पायऱ्या हायत."

"त्याला पायऱ्यांचाच कट म्हणतात," समोरून गोकुळ म्हणाला. बारामतीच्या पेठेतलं हे दुकान त्याचं. लासुर्ण्याच्या शाळेत तो चौथीपर्यंत गुरुजींच्या वर्गात होता, आणि आज चाळिशीतही त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नव्हता. "गुरुजी, गोल घ्या की. चमक जास्त असती. लोक गोलच नेतात."

"लोकांना नेऊ दे. आमाला चौकोनीच पायजे."

का, ते गोकुळला विचारावं लागलं नाही. गुरुजींच्या बायकोच्या, केसरबाईंच्या, गोधड्या त्याने पाहिल्या होत्या. त्या कडेपासून टाके घालत आत यायच्या. दर फेरीला कोपरा वळवायचा, चौकोन लहान होत जायचा आणि अगदी मध्यावर येऊन मिटायचा. एखाद्या कोपऱ्यात दोरा बोटभर सरकला, तर मधला चौकोन वाकडा. मग त्या काही न बोलता सगळं उसवायच्या.

गुरुजींना आज उसवायची सोय नव्हती. गोकुळने फोनवरच सांगितलं होतं. हिरा सुरतेच्या प्रयोगशाळेत कार्बनपासून घडणार, आणि तो एकदाच. नमुने बघून कट ठरवा, नंतर बदल नाही, दुसरा खडा मिळायचा नाही. आणि लग्नाच्या अठ्ठेचाळीस वर्षांत गुरुजींनी बायकोसाठी आणलेली एकही वस्तू बरोबर निघाली नव्हती. बांगड्या हातात जायच्या नाहीत. लुगडं आणलं तर घरात होतं त्याच रंगाचं. एकदा चपला आणल्या, त्या दोन्ही डाव्या पायाच्या. केसरबाई पोट धरून हसायच्या आणि जे चालण्यासारखं असेल ते शेजारच्या साखरबाईला देऊन टाकायच्या.

"साखरआज्जीच्या घरात निम्मं सामान आपलंच हाय," अंजली भिंगातून डोळा न काढता म्हणाली.

गोकुळ हसला. गुरुजीही हसले, पण थोडं उशिरा.

"ते ऱ्हाऊ दे. कोपऱ्यांतनं रेघा निघाल्यात बघ. त्या मधी एकमेकींना मिळतात का?"

अंजलीने बराच वेळ घेतला. गुरुजींनी घाई केली नाही. उत्तर येईपर्यंत थांबायची त्यांची सवय नोकरीबरोबर संपली नव्हती.

"तीन मिळतात," ती म्हणाली. "चौथी जरा बाजूनं जाती."

"मग हा उसवायचा."

दुसरा हिरा पहिल्यापेक्षा उजळ होता. अंजलीला तो बघताक्षणी आवडला. गोकुळने त्याच्याखाली वहीचा कागद सरकवला.

"आता काय दिसतं?"

"कागदावरची निळी रेघ."

"ती दिसायला नको," गुरुजी म्हणाले. "का, सांग."

अंजलीने ओठ चावला. "उजेड आत थांबत न्हाय. सरळ खाली जातोय."

"बरोबर. तळ उथळ हाय."

"गुरुजी, तुमी दुकानच चालवा आता," गोकुळ म्हणाला. "मी येतो शाळेत."

तिसरा हिरा त्याने डबीतून काढला, तेव्हा तो विशेष काही वाटला नाही. जरा काळसरच दिसला. अंजलीने भिंग लावलं. बाहेर भाजीचा टेम्पो मागे घेताना कुणीतरी हाका मारत होतं. ते आवाज हळूहळू लांब गेले. एक पायरी उजळली, ती विझता विझता तिच्या खालची. जणू कुणीतरी दिवा घेऊन सावकाश खाली उतरत होतं, आणि प्रत्येक वळणावर थांबून वर बघत होतं.

"मला दे," गुरुजी म्हणाले.

त्यांनी भिंग धरलं. गोकुळने मागवलेल्या चहावर साय आली. चारी रेघा मधोमध एका बिंदूत मिळाल्या होत्या. तिथे नजर टेकली की वर यावंसं वाटत नव्हतं.

"आबा, त्यात एक ठिपका हाय. डाव्या अंगाला."

"दिसला मला."

"गोल हिऱ्याच्या लखलखाटात तो सापडला नसता," गोकुळ म्हणाला. "ह्या कटात काहीच झाकत न्हाय. तुमच्या हिऱ्यात ठिपके येतील का न्हाय, आत्ता कुणालाच सांगता यायचं न्हाय. आले, तर सगळे दिसतील."

"दिसू दे. तिनं कवा काय लपवलंय?"

गुरुजींनी भिंग खाली ठेवलं. अंजलीने त्यांचा हात धरला.

"ह्योच का मग?" त्यांनी तिला विचारलं. तिसरीतल्या मुलीला कुणी असं विचारत नाही. त्यांनी विचारलं.

"व्हय. ह्यो बरोबर हाय." ती म्हणाली. "बांगड्यांसारखं न्हाय झालं ह्या टायमाला."

गोकुळने खणातून सुरतेचा छापील अर्ज काढला. उभ्यानेच तो एकेक रकाना वाचत भरू लागला.

"कट, चौकोनी, पायऱ्यांचा. कोपरे, छाटलेले. वजन, अर्धा कॅरेट. कार्बन कशातून काढायचा..."

पेन तिथेच थांबलं. गोकुळ मान वर करेना.

गुरुजींनी त्याच्या हातातून पेन अलगद काढून घेतलं, अर्ज आपल्याकडे वळवला, आणि फळ्यावर लिहायचे तशा सुट्या, ठळक अक्षरांत रकाना भरला: पत्नी केसरबाई हिची रक्षा.