पहिल्या कार्डावरचं कुंकू

टायपिंग सोडून हिशेबयंत्राकडे वळलेल्या खंडोजीला आता संगणकाची ओढ स्वस्थ बसू देत नव्हती. आजचा त्याचा प्रोग्राम चालला तरच नवी नोकरी मिळणार होती. त्या प्रोग्रामच्या, भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा त्यानं यंत्रात ठेवला, पण यंत्रानं पहिलंच कार्ड परत फेकलं. परवा दसऱ्याच्या आयुधपूजेला कीर्तनकार आप्पांनी त्यावर ओलं कुंकू लावलं होतं. “अण्णा, मशीनचं लग्न लावताय काय?” ऑपरेटर मल्लाप्पा हसला. “स्वल्प, थोडं थांब,” म्हणत खंडोजीनं घाईघाईनं तसंच दुसरं कार्ड बनवलं आणि कुंकवाचं छातीवरच्या खिशात टाकलं. प्रोग्राम चालला. संध्याकाळी तो चामराजपेटेतल्या देवळात धावला. कीर्तनाला उभं राहता राहता आप्पांनी विचारलं, “माझं कार्ड चाललं?” “सगळ्यात आधी, आप्पा.” आप्पांची नजर त्याच्या घामेजलेल्या खिशावरच्या लाल डागावर थांबली. “मशीनला नको होतं वाटतं,” ते हसले, “लागायचं तिथंच लागलं.”