सव्वीस इंची

“मैडम जी, जा में अब कछू नईं धरो.” मिस्त्रीनं सायकल उलटी करून हातानं पायडल फिरवलं. साखळी दोन दात्यांवर टिकली आणि घसरून खाली लोंबली. “फ्री-व्हील गओ, चेन गई. नई ले लो.”

नीलमला हे त्यानं सांगायची गरज नव्हती. झाशीच्या सदर बाजारातल्या या दुकानात ती याच महिन्यात तिसऱ्यांदा उभी होती. आज तर कहरच झाला. सहावीतली तन्वी परीक्षेला निघाली आणि चौकातच साखळी निसटली. सायकल ढकलत शाळेत पोचेपर्यंत अर्धा तास बुडाला, गणिताचे दोन प्रश्न राहून गेले, पांढऱ्या शर्टाला ग्रीस लागलं ते वेगळंच. आता पोरगी फुरंगटून दुकानाच्या पायरीवर बसली होती.

नीलमचा सगळा राग नवऱ्यावर होता. सुभेदार हणमंतला काहीही विकत घ्यायचं म्हटलं की तो आधी पुढच्या बदलीला किती महिने राहिले ते मोजायचा. पडदे? पुढच्या क्वार्टरच्या खिडक्या कुणी बघितल्यात! कपाट? ट्रकमध्ये मोडेल. ही सायकलसुद्धा पठाणकोट सोडून चाललेल्या एका कुटुंबाकडून घेतलेली. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण घरात धड नवी म्हणावी अशी एक वस्तू शोधून सापडली नसती. झाशीतली मुदतही संपत आली होती. दोन महिन्यांत पोस्टिंग ठरलेलीच. म्हणजे उत्तर काय येणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

तरी तिनं फोन लावला. हणमंत सरावासाठी बबिन्याला गेला होता, दुपारी जेवणाच्या वेळी तेवढा सापडायचा. आज माघार घ्यायची नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

“अहो, ऐका. तुमचं ते पोस्टिंगचं पुराण आज मला सांगू नका. पोरीचा पेपर बुडाला असता! मी ही सायकल दुरुस्त करणार नाही म्हणजे नाही. दोन महिने तर दोन महिने, पण—”

“नवीन घे,” हणमंत म्हणाला.

नीलम थबकली. भांडायला कंबर कसून जावं आणि समोरच्यानं बसायला पाट द्यावा, तसं झालं. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं वाया गेली. तिला हसूच आलं.

“खरंच? मग तुमच्या ट्रकचं काय?”

“घे गं. चांगली बघून घे.”

तिनं मिस्त्रीला खूण केली. त्यानं आतून निळी चोवीस इंची काढली. तन्वी उडी मारूनच उठली. “मम्मी, यही वाली!” तिला मराठी सगळं कळायचं, पण आनंद झाला की तोंडून हिंदीच बाहेर पडायची.

“चोवीस इंची बघतोय,” नीलमनं फोनवर सांगितलं. “अगदी तिच्या मापाची आहे.”

“चोवीस नको. सव्वीस घे.”

“मोठी होईल हो तिला.”

“होऊ दे. तीन वर्षं पुरायला पाहिजे.”

नीलमच्या कपाळाला आठी पडली. कुठली तीन वर्षं? या माणसानं आजवर बदलीपलीकडचा विचार करून साधी बादलीसुद्धा घेतली नव्हती.

“अहो,” तिनं हळूच विचारलं, “पोस्टिंग आली का?”

तिकडे ताटांचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, “आली. सरहद्दीवर. तुम्हाला नाही नेता येणार. तुम्ही दोघी झाशीतच राहायचं. क्वार्टर राहील आपल्याकडे, मी साहेबांशी बोललोय.”

नीलमला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला. चौदा वर्षं नवीन, नवीन म्हणून डोकं खाल्लं, आणि आता मिळतंय तर ते तिला नको होतं. या मोडक्या सायकलीसकट, अपुऱ्या पडद्यांसकट, ती त्याच्याबरोबर कुठल्याही क्वार्टरमध्ये जायला तयार होती. पण तसं कुणी विचारतच नव्हतं.

तिनं मिस्त्रीला हातानंच मोठी काढायला सांगितलं. त्यानं लाल सव्वीस इंची आणली आणि हँडल धरून उभा राहिला. तन्वी सीटवर चढून घंटी वाजवू लागली.

घंटी फोनवर ऐकू गेली असावी. “बसली का?” हणमंतनं विचारलं. “पाय टेकतात का तिचे?”

नीलमनं पाहिलं. तन्वीची पावलं जमिनीपासून वीतभर वर लोंबत होती.

“आत्ता नाही,” ती म्हणाली. “तुम्ही परत याल तोवर टेकतील.”