सुरीची जागा

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्की यंदा घरी घडवलेल्या सुरीनेच कापायची, असं मी नवऱ्याला, डेल्मरला, उन्हाळ्यातच बजावलं होतं. आम्हा दोघांना धरून चौदा माणसं जेवायला असणार होती आणि माझ्या जुन्या सुरीला लोणीसुद्धा दाद देत नव्हतं.

"करतो गं, आधी गॅरेज तर लावू दे," म्हणत त्याने पाच महिने काढले. सुरी घासायच्या बेल्ट ग्राइंडरची लहानमोठी चाकं, दांडे, टेकू सगळं भिंतीवर टांगलं. वर प्रत्येकामागे त्याच्याच आकाराची पांढरी आकृती रंगवली, म्हणजे कुठल्या वस्तूची जागा कुठली हे शेजाऱ्यालाही कळावं.

पाहुणे जमल्यावर मी विचारलं, "सुरी कुठंय?"

त्याने सगळ्यांना गॅरेजात नेलं. भिंतीच्या मधोमध सुरीची सुबक आकृती होती आणि तिच्यावर रिकामा खिळा.

"बघ, जागा तयार आहे!" माझ्या म्हाताऱ्याची छाती टर्कीपेक्षा फुगली होती.

मी टर्की हातांनीच तोडली आणि तेरा जणांना वाढली.



"घे, जागा तयार आहे," म्हणत डेल्मरपुढे कागदी ताटली ठेवली. तिच्यावर मी पेनाने टर्कीची तंगडी काढली होती.