कोरणारीचं नाव

माहीमच्या आमच्या वाडीत मी लाकडी ठसे कोरते आणि बोईसरची हेमाली ते कागदावर छापून, हाताने शिवून चित्रांची पुस्तकं करते. सोमवारी सांजेचा दिवा लागेपर्यंत माझं मौन असतं. नेमक्या त्याच दिवशी प्रदर्शनासाठी कलाकार निवडणाऱ्या बाई पुण्याहून आल्या.

"काय सुरेख पानवेल कोरलीय! कुणी?"

"मीच," हेमाली म्हणाली. "जमनाताई शाई लावू लागतात मला."

खुणा करून तिला परक्यांसमोर खोटं पाडणं मला जमेना.

"काकू काही बोलतच नाहीत!" बाई हसल्या.

"सोमवारचं मौन हो त्यांचं. एरवी मला बोलू देतात होय!"

बाईंनी हेमालीचं नाव लिहून घेतलं. पोर गडबडून बोलून गेली असेल, असं मी मनाला समजावलं. दिवा लावला की विचारीन, तीच फोन करून खरं सांगेल.

निघताना बाईंनी माझा हात हातात घेतला.



"तुमच्या मौनात उगाच येऊन पडले, काकू. मी रविवारी येणार होते, पण सोमवारीच या, असा हेमालींचा हट्ट होता."